बंद पडलेल्या संगणकातील मराठी मजकूर : हार्ड डिस्क व कार्यप्रणाली यांच्या जतनाचा ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : नाशिक)

प्रस्तावना

नाशिकला कागदपत्रे जपण्याची जुनी परंपरा आहे. पंचवटी व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या घरी यजमानांच्या अनेक पिढ्यांची नोंद असलेल्या वह्या आजही सांभाळल्या जातात. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून ग्रंथसंग्रह करीत आले आहे. याच शहरात १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली आणि मराठीतून स्वयं-अध्ययन साहित्य तयार करण्याचे मोठे कार्य सुरू झाले. त्याच सुमारास महाराष्ट्रातील इतर शहरांप्रमाणे येथील छापखान्यांतही खिळ्यांची जुळणी मागे पडू लागली व संगणकावरील अक्षरजुळणी रूढ झाली. संस्थांची इतिवृत्ते, सभासदांच्या याद्या, स्मरणिकांचे मजकूर, लेखकांची हस्तलिखिते हे सर्व हळूहळू कागदावरून हार्ड डिस्कवर गेले.

वही जीर्ण झाली तरी तिचे पान वाचता येते. संगणक बंद पडला की त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये होते, यथावकाश निर्लेखन होते आणि यंत्र भंगारात जाते. रजिस्टरमध्ये यंत्राची नोंद असते, त्यातील मजकुराची नसते. अशा वेळी यंत्र मृत झाले म्हणजे दस्तऐवजही मृत झाला काय, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सुमारे २०१० पर्यंतच्या मराठी संगणकीय मजकुराच्या बाबतीत केवळ हार्ड डिस्कवरील फाइली वाचविणे पुरेसे नाही. ज्या कार्यप्रणालीत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, तो मजकूर टंकलिखित झाला तीही तिच्यातील फॉन्टसह वाचवावी लागते. इंग्रजी मजकुराच्या बाबतीत कार्यप्रणाली हे केवळ साधन असते. या कालखंडातील मराठीच्या बाबतीत ती मजकूर वाचण्याची किल्ली आहे.

हार्ड डिस्क आणि यंत्र यांचा बदलता संबंध

हार्ड डिस्कचा इतिहास १९५६ पासून सुरू होतो. त्या वर्षी आयबीएम कंपनीने रॅमॅक या संगणकासोबत आणलेल्या साठवण यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. १९८० मध्ये सीगेट कंपनीने सव्वापाच इंची व ५ मेगाबाइट क्षमतेची डिस्क बाजारात आणली. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटी या संगणकात १० मेगाबाइटची डिस्क होती आणि तेव्हापासून कार्यालयीन संगणकात हार्ड डिस्क असणे सर्वमान्य झाले.

या प्रारंभीच्या डिस्कना चालविणारे नियंत्रक कार्ड संगणकात वेगळे बसविलेले असे. डिस्कवरील आखणी त्या विशिष्ट कार्डाच्या पद्धतीने होत असल्यामुळे ती दुसऱ्या बनावटीच्या कार्डावर लावल्यास पुष्कळदा वाचता येत नसे. म्हणजे डिस्क आपल्या यंत्राशी बांधलेली होती. १९८६ च्या सुमारास आयडीई ही पद्धत आली व नियंत्रक डिस्कच्याच अंगावर बसविला गेला. या बदलाचा मूळ हेतू खर्च व गुंतागुंत कमी करण्याचा असला तरी त्याचा एक दूरगामी परिणाम झाला. एका संगणकातून काढलेली डिस्क दुसऱ्या संगणकात लावून वाचणे सुलभ झाले. २००३ मध्ये साटा ही जोडणी आल्यानंतरही हा मोकळेपणा कायम राहिला. आज साध्या यूएसबी जोडणीच्या साहाय्याने दोन्ही पद्धतींच्या डिस्क कोणत्याही संगणकास जोडता येतात.

त्यानंतर मात्र दिशा पुन्हा बदलली. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर बिटलॉकर ही कूटबद्धीकरणाची सोय आली. तिच्यात डिस्क उघडण्याची किल्ली संगणकाच्या मदरबोर्डवरील एका चिपमध्ये ठेवता येते. पुढे अनेक लॅपटॉपमध्ये साठवणीच्या चिपा मदरबोर्डलाच कायमच्या जोडल्या जाऊ लागल्या. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून तर नव्या संगणकांवर कूटबद्धीकरण मोठ्या प्रमाणात आपोआप सुरू होऊ लागले. गोपनीयतेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु मदरबोर्ड जळाल्यास व पुनर्प्राप्तीची किल्ली जपून ठेवलेली नसल्यास अशी डिस्क धडधाकट असूनही वाचता येत नाही.

यावरून असे दिसते की, बंद यंत्रातून डिस्क सोडवून वाचण्याची सुलभता ही संगणकाच्या इतिहासातील कायमची अवस्था नाही. ती साधारण तीन दशकांची मधली अवस्था आहे, आणि मराठी संगणकीय लेखनाचा आरंभकाळ नेमका याच अवस्थेत येतो. ही अभ्यासकांच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट म्हणावी लागेल.

संगणकाचा मृत्यू आणि डिस्कचे अस्तित्व

सर्वसामान्य बोलण्यात ‘कॉम्प्युटर गेला’ असे म्हटले जाते तेव्हा बहुधा डिस्क गेलेली नसते. वीजपुरवठा करणारा एसएमपीएस जळणे, मदरबोर्ड निकामी होणे, स्मृतीची पट्टी सैल होणे ही बंद पडण्याची नित्याची कारणे होत. साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभर विकल्या गेलेल्या असंख्य मदरबोर्डवर सदोष कपॅसिटर बसविलेले होते. काही वर्षांतच ते फुगून फुटत व यंत्र बंद पडे. या सर्व प्रकारांत चुंबकीय तबकडीवरील मजकूर शाबूत राहतो.

नाशिकच्या संदर्भात आणखी एका कारणाचा विचार करावा लागतो, तो म्हणजे गोदावरीचा पूर. रामकुंडाजवळील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कोठवर लागले यावरून नाशिककर पुराची तीव्रता सांगतात. १९६९ च्या महापुरात कागदाची दप्तरे भिजली असतील. २००८, २०१६ व २०१९ च्या पुरांच्या वेळी मात्र नदीकाठच्या पेठांत दुकाने व कार्यालये संगणकीय झालेली होती. हार्ड डिस्क पूर्णपणे हवाबंद असते हा समज बरोबर नाही. आतील व बाहेरील हवेचा दाब समान राहावा म्हणून बहुतेक डिस्कना गाळणी बसविलेले सूक्ष्म छिद्र असते. त्यातून पाणी व गाळ आत जाऊ शकतो. अशी डिस्क उन्हात वाळवून ‘चालते का’ हे पाहण्यासाठी सुरू करणे हा सर्वांत घातक उपाय होय, कारण तबकडीवर वाळलेला गाळ वाचकशीर्षाखाली येऊन पृष्ठभाग कायमचा खरवडला जातो. भिजलेल्या डिस्कला वीज न देता ती तज्ज्ञांच्या हाती सोपविणे एवढेच सर्वसामान्य संस्थेचे कर्तव्य ठरते.

मराठी अक्षरांची साठवण : कार्ड, फॉन्ट आणि युनिकोड

डिस्क हाती आली, ती वाचताही आली. तरीही मराठी मजकूर वाचता येईलच असे नाही. याचे कारण देवनागरीच्या संगणकीय इतिहासात आहे.

१९८० च्या दशकात कानपूर येथील आयआयटीमध्ये भारतीय लिप्यांसाठी जिस्ट तंत्रज्ञान विकसित झाले. १९८८ मध्ये पुणे येथे सी-डॅकची स्थापना झाल्यावर ते कार्य तेथे पुढे गेले. संगणकात जिस्ट कार्ड बसविले की डॉसवर चालणाऱ्या कार्यक्रमांतही देवनागरी लिहिता येई. या कार्याशी निगडित असलेली इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने स्वीकारली. इस्कीमध्ये अक्षराला संकेत होता, त्याच्या दिसण्याला नव्हता. ही तत्त्वतः योग्य अशी व्यवस्था होती.

परंतु १९९२ मध्ये विंडोज ३.१ आले आणि ट्रूटाइप फॉन्टमुळे छपाईचे जग बदलले. अक्षरजुळणीचा व्यवसाय पेजमेकरवर स्थिरावला. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा संचांनी मराठी व्यावसायिकांना सुंदर अक्षरवळणे दिली. हे फॉन्ट वापरून केलेल्या जुळणीत मराठी अक्षरे रोमन अक्षरांसाठी व चिन्हांसाठी राखलेल्या जागांवर बसविलेली असत. उपलब्ध जागा जास्तीत जास्त २५६. जोडाक्षरे त्याहून पुष्कळ अधिक. म्हणून अक्षरांचे तुकडे करून ते वेगवेगळ्या जागी ठेवले गेले. अर्धा ‘ग’ एका जागी, काना दुसऱ्या जागी, रफार तिसऱ्या जागी. कोणता तुकडा कोठे ठेवावा याविषयी एकवाक्यता नव्हती. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी होती.

याचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. ‘किरण’ हा शब्द उच्चारात ‘क’पासून सुरू होतो, पण अशा फाइलीत आधी ऱ्हस्व वेलांटी व मग ‘क’ साठविलेला असे, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. ‘कीर्ती’मधील रफार उच्चारात ‘ती’च्या आधी, तर फाइलीत ‘ती’च्या नंतर. थोडक्यात, डिस्कवर भाषा साठविलेली नसून छपाईची आकृती साठविलेली होती. ज्या संगणकावर तो विशिष्ट फॉन्ट नाही तेथे हा मजकूर रोमन अक्षरे व चित्रविचित्र चिन्हांची रांग म्हणून दिसतो.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली व तिच्यातील भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवर आधारलेली होती. तथापि सामान्य वापरकर्त्यापर्यंत ती पोचली विंडोज २००० पासून. त्यातील देवनागरीसाठीचा मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी तयार केला होता. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. मराठीतील ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेत मिळण्यास २००८ साल उजाडले. छपाईच्या व्यवसायात तर बदल आणखी उशिरा झाला. पेजमेकरची ७.० ही अखेरची आवृत्ती २००१ मध्ये आली. तिला युनिकोड देवनागरी हाताळता येत नव्हते. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय २०१२ च्या आवृत्तीत झाली. नाशिक येथे २००५ मध्ये केशव मेश्राम यांच्या अध्यक्षतेखाली ७८ वे, तर २०२१ मध्ये जयंत नारळीकर यांच्या अध्यक्षतेखाली ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. या दोन संमेलनांमधील सोळा वर्षांतच मराठी लेखन फॉन्टच्या युगातून युनिकोडच्या युगात आले असे म्हणता येईल.

कार्यप्रणालीचे स्थलांतर

बंद संगणकातून मजकूर काढताना रूढ पद्धत अशी की, ‘माय डॉक्युमेंट्स’ किंवा तत्सम फोल्डरमधील फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात व उरलेली डिस्क पुसून टाकावी. मराठीच्या बाबतीत ही पद्धत हानिकारक ठरते. फॉन्ट वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये नसतात. ते विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये असतात. कळफलकाचे कार्यक्रम कार्यप्रणालीत मिसळलेले असतात. पेजमेकर स्वतंत्रपणे स्थापित केलेला असतो. म्हणजे फाइली ठेवून प्रणाली पुसणे हे कुलूप जपून किल्ली फेकण्यासारखे आहे.

संपूर्ण कार्यप्रणाली दुसऱ्या यंत्रावर नेणे मात्र तितके सरळ नाही. विंडोज ९५ व ९८ नव्या यंत्रातील भाग ओळखण्याचा प्रयत्न करीत, आणि पुष्कळदा सुरू होत. विंडोज २००० व एक्सपी या प्रणाली स्थापनेच्या वेळी सापडलेल्या डिस्क-नियंत्रकावर अवलंबून असत. नियंत्रक बदलला की निळा पडदा येऊन काम थांबे. शिवाय २००१ च्या एक्सपीपासून उत्पादन-सक्रियतेची अट आली, व संगणकासोबत मिळालेला परवाना त्याच यंत्रापुरता मर्यादित असे. लिनक्स सुरू होताना समोरचे यंत्र तपासून आवश्यक ते भाग स्मृतीत घेत असल्यामुळे तिचे स्थलांतर तुलनेने सोपे राहिले.

यावर दोन तांत्रिक घडामोडींनी मार्ग दाखविला. २००० मध्ये आलेल्या नॉपिक्ससारख्या लाइव्ह सीडीमुळे संगणकाच्या डिस्कला धक्का न लावता सीडीवरूनच प्रणाली सुरू करणे शक्य झाले. डीडीरेस्क्यूसारख्या कार्यक्रमांनी डिस्कची पहिल्या कप्प्यापासून शेवटच्या कप्प्यापर्यंत हुबेहूब प्रतिमा घेता येऊ लागली. खराब कप्पे आधी वगळून चांगले भाग प्रथम वाचविणे हे त्यांचे वैशिष्ट्य. दुसरी घडामोड आभासी संगणकाची. १९९९ मधील व्हीएमवेअर व २००७ मधील व्हर्च्युअलबॉक्स यांमुळे एका संगणकाच्या आत दुसरा संगणक चालविता येतो. जुन्या डिस्कची प्रतिमा त्यात बसविली, आवश्यक ते नियंत्रकाचे बदल केले, की १९९८ मधील पडदा, १९९८ मधील फॉन्ट व १९९८ मधील पेजमेकर पुन्हा समोर येतो.

या उपायालाही मर्यादा आहेत. त्या काळातील अनेक व्यावसायिक संच अनधिकृत वापर टाळण्यासाठी प्रिंटरच्या पोर्टला लावावयाच्या कुलपावर चालत. ते पोर्टच आता नव्या संगणकांत नसते. जिस्ट कार्ड हा तर प्रत्यक्ष यंत्रभाग होता. डिस्कची प्रतिमा घेतल्याने तो मिळत नाही. म्हणून जुना संगणक मोडीत काढताना त्याला लावलेली लहानशी कुलपे व आतील कार्डे निरुपयोगी समजून टाकू नयेत.

पूर्वानुभव : मोडी लिपी आणि डोम्सडे प्रकल्प

साधन शाबूत पण वाचन अशक्य, ही स्थिती महाराष्ट्राच्या इतिहासाला नवी नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील असंख्य कागद सुरक्षित होते. पण ते मोडीत होते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले ते मोडी वाचणाऱ्यांच्या परिश्रमांमुळेच. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शालेय शिक्षणातून मोडी गेली आणि आज मोडी जाणकारांची उणीव ही कागदांच्या उणिवेपेक्षा मोठी अडचण आहे. फॉन्टमध्ये अडकलेला मराठी मजकूर ही एक प्रकारे नवी मोडीच होय. फरक इतकाच की, मोडी शिकविता येते. हरवलेल्या फॉन्टची मांडणी मात्र अंदाजाने जुळवावी लागते.

इंग्लंडमध्ये १०८६ च्या डोम्सडे या महसुली नोंदवहीच्या नवशताब्दीनिमित्त बीबीसीने १९८६ मध्ये लेझर डिस्कवर लोकजीवनाचा मोठा संग्रह तयार केला. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत तो वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली, तर मूळ नोंदवही नऊ शतकांनंतरही वाचता येत होती. २००२ मध्ये लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या कॅमिलिऑन प्रकल्पात जुन्या यंत्राची नक्कल नव्या संगणकावर उभी करून त्या संग्रहापर्यंत पोचता आले. मजकुराबरोबर त्याचे यंत्रवातावरणही जपावे लागते, हाच या घटनेचा धडा होय.

जतनाची दिशा

मजकूर छापून प्रसिद्ध झाला असताना डिस्क कशासाठी जपावी, असा आक्षेप घेता येईल. छापील पुस्तकापुरता तो रास्त आहे. परंतु न छापलेली प्रकरणे, पहिले खर्डे, पत्रव्यवहार, इतिवृत्ते, स्थानिक सर्वेक्षणांचे तक्ते हे फक्त डिस्कवरच असतात. भावी इतिहासकाराला अप्रकाशित साधनेच अधिक मोलाची ठरतात.

कायद्याची भूमिकाही याला पोषक आहे. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ च्या व्याख्येत संगणकाद्वारे निर्माण झालेल्या साहित्याचा समावेश आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख नंतरच्या संदर्भासाठी वापरता येईल अशा स्वरूपात उपलब्ध राहणे अपेक्षित आहे. संगणकीय कार्यक्रमाच्या कायदेशीर धारकास हानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये आहे. दुसरीकडे, १ मे २०१२ पासून ई-कचऱ्याचे नियम अमलात आले. पुढे २०१६ च्या व नंतर २०२२ च्या नव्या नियमांनी त्यांची जागा घेतली. जुने संगणक अधिकृत पुनर्चक्रीकरणाकडे जाणे योग्यच; पण तेथे डिस्क नष्ट होते. म्हणून मजकुराची तपासणी त्यापूर्वी होणे अगत्याचे आहे.

व्यवहारात पुढील क्रम उपयुक्त ठरेल. प्रथम डिस्क काढून, तिच्यावर काही लिहिले जाणार नाही अशी काळजी घेऊन, संपूर्ण प्रतिमा घ्यावी. मूळ डिस्कवरून नवा संगणक सुरू करू नये, कारण सुरू होतानाच कार्यप्रणाली डिस्कवर लेखन करते. प्रतिमेची प्रत आभासी संगणकात चालवावी. त्यातील फॉन्टची नावे नोंदवून मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे. रूपांतर करणारे कार्यक्रम रफार, वेलांटी व जोडाक्षरे यांत हमखास चुकतात. म्हणून जाणत्या मुद्रितशोधकाकडून ते तपासून घ्यावे. शेवटी युनिकोड प्रत, मूळ फाइल व डिस्कची प्रतिमा ही तिन्ही जपावीत.

निष्कर्ष

१. संगणक बंद पडणे व त्यातील दस्तऐवज नष्ट होणे या दोन भिन्न घटना आहेत. त्यांच्यात बहुधा निर्लेखनाचा निर्णय असतो, आणि खरी हानी तेथे होते.

२. फॉन्टच्या काळातील मराठी मजकुरासाठी कार्यप्रणाली हा मजकुराचाच भाग मानला पाहिजे. हार्ड डिस्कची संपूर्ण प्रतिमा हेच त्याचे खरे जतन होय.

३. हे कार्य आता करण्याजोगे आहे. त्या काळातील डिस्क कूटबद्ध नसल्याने उघडता येतात. पण त्यांचे यांत्रिक आयुष्य संपत आले आहे. पेजमेकरवर मराठी जुळणी करणारे, फॉन्ट नजरेने ओळखणारे व्यावसायिक आज आपल्यात आहेत. त्यांचे ज्ञान कोठेही लिहून ठेवलेले नाही.

४. महाविद्यालये, वाचनालये व साहित्यसंस्था यांनी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ‘डिस्कची प्रतिमा घेतली काय’ असा एक रकाना वाढविल्यास फारसा खर्च न येता मोठे कार्य साधेल. तीर्थोपाध्यायांनी वह्या जपल्या, कारण त्या वाचल्या जाणार आहेत अशी त्यांची खात्री होती. तीच खात्री बाळगून अडगळीच्या खोलीतील बंद संगणकाकडे पाहिले गेले, तर नाशिकच्या अलीकडच्या तीन दशकांच्या इतिहासाची साधने हाती राहतील.